घरी घडवलेली फळी

५ डिसेंबर २००५, सोमवार. त्या दिवशी अमेरिकेतल्या सर्फबोर्ड बनवणाऱ्यांच्या दुकानांत सात पानांचा एक फॅक्स येऊन पडला. पाठवणारा होता गॉर्डन क्लार्क, दक्षिण कॅलिफोर्नियातल्या 'क्लार्क फोम'चा मालक. धंद्यातले लोक त्याला 'ग्रबी', म्हणजे मळका, म्हणत. सात पानांचं सार एका ओळीत सांगता येईल: कारखाना आजपासून बंद, यापुढे माल मिळणार नाही.

आता एक कारखाना बंद पडला तर एवढं काय, असं तुम्ही म्हणाल. पण तेव्हाच्या बातम्यांनुसार अमेरिकेत घडणाऱ्या सर्फबोर्डांपैकी साधारण ९० टक्के बोर्डांचा फोम या एका माणसाकडून यायचा. सर्फिंगच्या जगात तो दिवस 'ब्लँक मंडे' म्हणून ओळखला जातो. या नावातली कोटी कळायला 'ब्लँक' म्हणजे काय ते आधी सांगायला हवं.

पेणचे गणपतीचे कारखाने आठवा. साच्यातून निघालेली कच्ची मूर्ती तिथून गावोगाव जाते, आणि रंग, डोळ्यांची आखणी वगैरे काम तिथला कारागीर करतो. सर्फबोर्डचंही तसंच. साच्यातून निघालेला फोमचा ओबडधोबड, बोर्डाच्या आकाराचा ठोकळा म्हणजे ब्लँक. तो तासून, घासून, वर फायबरचं कापड आणि रेझिन चढवून लाटेवर उभं राहण्याजोगी फळी करणारा कारागीर म्हणजे शेपर. क्लार्क बंद झाला म्हणजे सगळ्या शेपरांची कच्ची मूर्तीच बंद झाली. गणेशोत्सवाच्या महिनाभर आधी पेणचे सगळे कारखाने एका फॅक्सने बंद झाले, असं समजा!

इथे कॅलिफोर्नियात राहून आणि पॉलिमरमध्ये डॉक्टरेट करून या विषयाकडे दुर्लक्ष करणं मला कठीणच होतं. वाचत गेलो तसं लक्षात आलं की सर्फबोर्डचा इतिहास हा कारखान्यांचा इतिहास नाहीच. तो घरच्या अंगणात, गॅरेजमध्ये, हाताला लागेल त्या मालातून फळी घडवणाऱ्यांचा इतिहास आहे. क्लार्कची चाळीस-पंचेचाळीस वर्षं हा त्यातला मधला टप्पा.

मूळ अर्थातच हवाईचं. कॅप्टन कुकच्या मोहिमेतल्या जेम्स किंग या अधिकाऱ्याने १७७९ मध्ये तिथल्या लोकांचं लाटांवरचं खेळणं थक्क होऊन लिहून ठेवलं आहे. हवाईत फळी घडवणं हे सुतारकामाइतकंच धर्मकामही होतं. झाड निवडलं की त्याच्या बुंध्याशी 'कुमू' नावाचा लाल मासा ठेवायचा, प्रार्थना करायची आणि मगच कुऱ्हाड लावायची. तासून झाल्यावर प्रवाळाच्या आणि खरबरीत दगडांनी घासायचं, रंग द्यायचा, शेवटी कुकुईच्या बियांचं तेल चोळायचं. कुकुई म्हणजे आपल्याकडे ज्याला जंगली अक्रोड म्हणतात ते झाड. लाकडंही आपल्या ओळखीच्यांचे नातेवाईक निघतात. 'विलीविली' हा आपल्या पांगाऱ्याचा सख्खा चुलतभाऊ, तसाच हलका. 'उलू' म्हणजे कोकणातला नीरफणस. विलीविलीच्या लांबलचक 'ओलो' फळ्या सरदार-राजांसाठी राखीव, आणि पातळ 'आलाया' सगळ्यांसाठी.

पुढच्या शंभर वर्षांत गोऱ्यांच्या जहाजांबरोबर आलेल्या रोगांनी हवाईची बहुसंख्य प्रजा मेली. १८२० पासून मिशनरी आले, त्यांना हा उघड्या अंगाचा खेळ पसंत नव्हता. माणसंच उरली नाहीत, तिथे फळ्या कोण घडवणार? कला पूर्ण मेली नाही, पण धुगधुगी तेवढी राहिली.

ही धुगधुगी अमेरिकेच्या मुख्य भूमीवर आणली ती तीन शाळकरी राजपुत्रांनी. हवाईच्या राजघराण्यातले डेव्हिड, एडवर्ड आणि जोना हे तीन भाऊ कॅलिफोर्नियात सॅन मटेओच्या लष्करी शाळेत शिकत होते. जुलै १८८५ मध्ये त्यांनी सांताक्रूझला सॅन लोरेन्झो नदीच्या मुखाशी लाटांवर फळ्या घातल्या. फळ्या बोटीतून आणलेल्या नव्हत्या. तिथल्याच रेडवुडच्या लाकडातून त्या घडवल्या होत्या. घरापासून हजारो मैलांवर, ओळखीचं झाड नाही, पण आकार डोक्यात पक्का. परदेशात ज्वारीच्या पिठावाचून भाकरी करून बघणाऱ्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको! त्यांतल्याच मानल्या जाणाऱ्या दोन फळ्या होनोलुलूच्या बिशप म्युझियममध्ये आहेत. २०१५ साली त्या प्रदर्शनासाठी सांताक्रूझला परत आल्या होत्या.

ऑलिंपिक जलतरणपटू ड्यूक कहानामोकूनेही हेच केलं. १९१४-१५ च्या दौऱ्यात सिडनीत त्याच्याजवळ फळी नव्हती. त्याने शुगर पाइनची एक फळी मिळवली, स्वतः घडवली आणि फ्रेशवॉटरच्या किनाऱ्यावर ऑस्ट्रेलियाला सर्फिंग दाखवलं. ती फळी तिथल्या क्लबने आजवर जपून ठेवली आहे.

यानंतरचा मोठा माणूस टॉम ब्लेक. १९२० च्या दशकात तो बिशप म्युझियममध्ये जाऊन बसला आणि धूळ खात पडलेल्या जुन्या ओलो फळ्यांची डागडुजी करू लागला. मग त्याने तसाच आकार स्वतः घडवला. वजन कमी करायला भरीव लाकडात शेकडो भोकं पाडली आणि वरून पातळ लाकूड बसवलं. पुढे आत सांगाडा आणि बाहेर कातडी अशी पोकळ फळी काढली, आणि १९३२ मध्ये तिचं पेटंट घेतलं. १९३५ मध्ये एका टाकून दिलेल्या स्पीडबोटीचा छोटा कणा त्याने फळीच्या बुडाला लावला, तोच पहिला फिन. आणि १९३७ मध्ये 'पॉप्युलर मेकॅनिक्स' मासिकात त्याच्या पोकळ फळीचा नकाशा छापून आला. समुद्र जवळ असो वा नसो, कुठल्याही पोराला आता घरी फळी करता येणार होती.

त्याच वर्षी होनोलुलूत तिघा मित्रांनी आणखी सोपा मार्ग काढला. उभ्या लाटेवर फळीचं शेपूट घसरतं म्हणून वैतागून त्यांनी अंगणात एका चांगल्या फळीवर सरळ कुऱ्हाड चालवली आणि मागचा भाग निमुळता केला. फळी लाटेला धरून राहू लागली. हाच 'हॉट कर्ल' बोर्ड!

एक गंमत सांगायची राहिली. कारखान्यात बनवून विकलेले पहिले बोर्ड १९३० च्या दशकात लॉस एंजेलिसच्या 'पॅसिफिक सिस्टम होम्स' या तयार घरं विकणाऱ्या कंपनीने काढले. ब्रँडचं नाव काय असावं? 'स्वस्तिक'. शुभचिन्ह म्हणून! १९३८ च्या सुमाराला युरोपातल्या बातम्या वाचून त्यांनी ते गुपचूप बदललं.

इंजिनियर म्हणून मला सगळ्यात जवळचा वाटतो तो बॉब सिमन्स. सायकलच्या अपघातात त्याचा डावा कोपर कायमचा आखडला होता. कॅलटेकमध्ये शिकलेला हा गणिती माणूस वेगवान बोटींच्या तळांवरचं एक तांत्रिक पुस्तक वाचून फळ्यांची रुंदी आणि कडा ठरवायचा. दुसऱ्या महायुद्धाने फायबरग्लास आणि पॉलिएस्टर रेझिन हे नवे पदार्थ दिले होते. सिमन्सने ते फळीवर चढवले, आणि १९४० च्या दशकाअखेर पॉलिस्टायरीनचा फोम (आपला थर्माकोलच) प्लायवूड-बाल्सामध्ये कोंबून पाहिला. १९५४ मध्ये सॅन डिएगोजवळ विंडनसीच्या लाटांत तो बुडून मेला, वय अवघं ३५. पण तोवर चाळीस-पन्नास किलोंची फळी दहा-बारा किलोंवर आली होती.

बाल्सा यायचा इक्वेडोरहून, आणि मागणी वाढली तसा चांगला बाल्सा पुरेना. हॉबी ऑल्टर हा पोरगा लगुना बीचला वडिलांच्या गॅरेजमध्ये फळ्या घडवायचा. शेवटी गॅरेज रिकामं व्हावं म्हणून वडिलांच्याच मदतीने १९५४ मध्ये डेना पॉइंटला त्याचं दुकान निघालं. त्याच्याकडे काम करणारा क्लार्क आणि तो, दोघांनी १९५८ च्या सुमाराला पॉलियुरेथेन फोमचं गणित जमवलं. डेव्ह स्वीटने त्याआधीच, १९५६ मध्ये, असे बोर्ड काढले होते. १९५९ मध्ये 'गिजेट' सिनेमा आला आणि सगळी अमेरिका समुद्राकडे धावली. १९६१ मध्ये क्लार्क वेगळा झाला.

क्लार्कचं यश समजून घ्यायला थोडं रसायनशास्त्र लागेल. पॉलिऑल आणि आयसोसायनेट ही दोन द्रवं मिसळली की मिश्रण इडलीच्या पिठासारखं फुगतं, फक्त काही तासांऐवजी काही क्षणांत. जाड, मजबूत साच्यात ते कोंडलं की साच्याला लागून घट्ट आणि आत सैल असा फोम तयार होतो. हा ठोकळा मधोमध उभा कापून त्यात लाकडाची पट्टी चिकटवली की ब्लँक तयार. क्लार्कचा माल उत्तम आणि स्वस्त होता, आणि तासायला सोपा होता. शेपरांच्या सूचनांप्रमाणे तो साचे बदलून द्यायचा. त्यामुळे गॅरेजमधल्या नवशिक्यालाही चांगला ब्लँक मिळू लागला. पण त्यामुळेच दुसरा कोणी समोर टिकला नाही.

माझ्या एका मित्राने मागच्या उन्हाळ्यात गॅरेजमध्ये पहिली फळी घडवली, आणि मी पॉलिमरवाला म्हणून मला बिनपगारी सल्लागार नेमलं. कुणाला सुरुवात करायची असेल तर त्याचा क्रम सांगतो. आधी आपल्याला मानवणारी एखादी फळी मोजायची: लांबी, जाडी, सगळ्यात जास्त रुंदी, आणि टोकापासून व शेपटापासून एक-एक फुटावरची रुंदी. नंतर पातळ प्लायवर अर्ध्याच फळीचा नमुना कापायचा. तो मधल्या पट्टीला लावून एक बाजू आखायची आणि उलटा करून दुसरी, म्हणजे दोन्ही बाजू आपोआप सारख्या. मग करवत, मग रंधा.

इथे साच्यातल्या फोमचा स्वभाव कामाला येतो. घट्ट, मजबूत थर वरच असतो, म्हणून जितकं कमी तासाल तितकी फळी टिकाऊ. हव्या त्या बाकाच्या सगळ्यात जवळचा ब्लँक निवडणं ही अर्धी कारागिरी. कडा एकदम गोल करायच्या नाहीत. आधी सरळ पट्ट्या पाडायच्या, मग पट्ट्यांचे कोपरे मोडायचे, आणि शेवटी पॉलिश पेपर. दिवे डोक्यावर नकोत, दोन्ही बाजूंना फळीच्या उंचीला हवेत. आडव्या उजेडात प्रत्येक उंचवट्याची सावली पडते, आणि डोळा जे सोडून देतो ते सावली दाखवते.

मग फायबरचं कापड आणि रेझिन. पॉलियुरेथेनवर पॉलिएस्टर रेझिन चालतं, थर्माकोलवर मात्र एपॉक्सीच, कारण पॉलिएस्टर रेझिन थर्माकोल खाऊन टाकतं. हार्डनर डोळ्यांत गेला तर डोळा जाऊ शकतो, तेव्हा चष्मा हवाच, आणि वाफा व धूळ यांसाठी नुसता रुमाल नाही, खरा मास्क.

मास्कवरून पुन्हा क्लार्ककडे येतो. त्याच्या कारखान्यातलं आयसोसायनेट होतं टोल्युइन डायआयसोसायनेट. आयसोसायनेट हा शब्द भारतीय माणसाला माहीत आहे तो १९८४ च्या भोपाळमुळे. तिथला मिथाइल आयसोसायनेट याच कुळातला, फार जास्त उडणारा आणि घातक. टोल्युइनवाला तितका उडत नाही, पण त्याच्या वाफांनी फुप्फुसं बिघडतात, दमा जडतो. फोम घट्ट झाल्यावर हा धोका उरत नाही. तो असतो साच्याजवळ उभ्या असलेल्या कामगाराला. क्लार्कने फॅक्समध्ये पर्यावरण खात्याच्या आणि अग्निशमन दलाच्या नियमांबद्दल तक्रार केली, माजी कामगारांचे नुकसानभरपाईचे दावे सांगितले, दंड आणि तुरुंगाची भीतीही लिहिली. सरकारने कुलूप ठोकलं नव्हतं, ते त्याने स्वतः ठोकलं. आणि कारखाना विकला नाही, साचे फोडून टाकले.

लोक हळहळले ते मुख्यतः शेपरांसाठी आणि फळ्यांच्या किमतींसाठी. मला मात्र त्या सात पानांतली कामगारांविषयीची वाक्यं जास्त बोचतात. घरी फळी घडवणारा माणूस आपली धूळ आपण खातो. पण त्याचा ब्लँक हलका आणि स्वस्त का होता, तर त्यातलं सगळ्यात विषारी काम कोणीतरी दुसऱ्याने करून ठेवलं होतं. हवाईत झाड पाडताना मासा ठेवायचे, म्हणजे काहीतरी घेतो आहोत याची आठवण असायची. क्लार्कच्या ब्लँकबरोबर अशी आठवण येत नव्हती.

पुढे काय झालं? काही महिने ब्लँकचे भाव भडकले, लोकांनी साठे केले. मग ऑस्ट्रेलिया, दक्षिण आफ्रिका, ब्राझीलहून माल आला. २००६ मध्ये कॅलिफोर्नियातच 'यूएस ब्लँक्स' उभी राहिली. थर्माकोल आणि एपॉक्सीला जोर आला, आणि काही जण लाकडाकडे वळले. ऑस्ट्रेलियातल्या टॉम वेगनर या शेपरने बिशप म्युझियममधल्या जुन्या आलाया पाहिल्या आणि पॉलोनियाच्या हलक्या लाकडातून तशा घडवून दाखवल्या. ब्लेकनंतर ऐंशी वर्षांनी पुन्हा तेच म्युझियम, पुन्हा त्याच फळ्या!

म्हणजे साचे फुटले तरी आकार टिकून होता. तो काहींच्या हातांत होता, काहींच्या प्लायच्या नमुन्यांत, आणि एका म्युझियमच्या कपाटात. पेणचं उदाहरण मी उगाच दिलं नव्हतं. साचा एका ठिकाणी असला तरी आखणी येणारे हात गावोगाव हवेत, आणि साच्याजवळच्या माणसाची फुप्फुसंही शाबूत हवीत. या दोन्ही गोष्टी सांभाळणारी फळी अजून कोणी पूर्णपणे घडवलेली नाही. प्रयत्न गॅरेजमध्येच चालू आहेत, नेहमीप्रमाणे.