मचाणावर पायाखालचा आधार
वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार आज शिकार हा गुन्हा आहे. शिकाऱ्याचे मचाण मात्र टिकून आहे. भंडाऱ्याजवळ असलेल्या कोका अभयारण्यात बुद्धपौर्णिमेच्या रात्री प्राणी मोजायला माणसे पाणवठ्यापाशी मचाणावर बसतात. असे मचाण बांधताना हाती पैसे थोडे असतील, तर ते बैठकीच्या गादीवर न घालता पाय टेकवायच्या आडव्या दांड्यावर घालावेत. पाय लोंबकळत राहिले की फळीची कड मांडीखाली रुतते, पायाला मुंग्या येतात, माणूस चुळबुळतो आणि पाण्यावर आलेले चितळ बुजते. मांडी घालून बसता येईल हे खरे, पण तीही थोड्या वेळाने मोडावी लागतेच. गोल बांबूवरून पाय निसटतो ही हरकत रास्त आहे. म्हणून दोन बांबू जोडीने सुंभाने आवळून वर गोणपाट गुंडाळावे, त्याने करकरही दबते. जिवंत खोडात खिळा मात्र ठोकू नये; त्या जखमेतून कीड आणि कूज आत शिरते.