कांचेच्या कांडीची पारख

व्हेनिस शहराजवळ मुरानो नांवाचें बेट आहे. आगीच्या भीतीनें शहरांतील कांचभट्ट्या या बेटावर हलविण्याचा हुकूम व्हेनिसच्या प्रजासत्ताकानें इ. स. १२९१ मध्यें काढला, आणि पुढें मुरानोची कांच जगभर गाजली. तेथील कारागिरांची एक नवलाईची करामत म्हणजे कांचेची चित्रगर्भ कांडी. वरून पाहिली तर नुसती रंगीत सळई. पण आडवी कापली कीं प्रत्येक चकतीवर तेंच फूल किंवा तोच चेहरा दिसतो.

त्यांतील युक्ति साधी आहे. हात मात्र कसलेला हवा. रंगीत सळयांचा जुडगा चित्राप्रमाणें जुळवावयाचा, तापवून मऊ करावयाचा आणि दोहों बाजूंनीं ओढावयाचा. जाडी एकदशांश उरली म्हणजे लांबी शंभरपट होते. चित्र मोडत नाहीं, फक्त लहान होतें.

या कलेची परिसीमा गांठली जाकोमो फ्रांकीनी (१८२७–१८९७) यानें. दिव्याच्या ज्योतीवर डोळा, नाक, ओंठ यांच्या निराळ्या कांड्या करून त्यानें त्या एकत्र जुळविल्या, आणि गॅरिबाल्डी, काव्हूर यांचे चेहरे एका सेंटिमीटरहून लहान वर्तुळांत उतरविले. पुढें त्याचें मन ढळलें आणि त्याला वेड्यांच्या इस्पितळांत राहावें लागलें.

अशी चकती अस्सल कीं वर रंगविलेली, हें भिंगानें कळतें. अस्सल चकतींत चित्र आरपार गेलेलें असतें. मागील बाजूस तेंच चित्र आरशांतल्याप्रमाणें उलटें दिसतें. वय ठरविणें याहून अवघड. चित्रांतील व्यक्तीवरून काळाचा अंदाज येतो. पण नुसतें फूल फसवितें. विन्चेंझो मोरेत्ती यानें प्राचीन रोमन पद्धतीच्या चकत्यांचीं भांडीं घडविलीं, व तीं १८७८ च्या पॅरिस प्रदर्शनांत झळकलीं. शिवाय जुनी कांडी अनेक वर्षें पडून राहते आणि तिची चकती नव्या दागिन्यांत बसते. म्हणून कांडीचें वय तेंच दागिन्याचें वय, असें समजूं नये.

किंमत करतांना रेषांचा रेखीवपणा, तडे, आणि त्या चित्राच्या किती चकत्या उरल्या आहेत हें पाहावें. सर्वांत जपावी ती न कापलेली कांडी. प्रत्येक चकतीसरशी ती आंखूड होते, आणि ती ओढणारा हात आतां नाहीं.