पालाश (वनस्पती व मृदा)

पालाश, म्हणजे पोटॅशियम, हे नत्र व स्फुरद यांच्या जोडीने पिकांना मोठ्या प्रमाणात लागणारे मुख्य अन्नद्रव्य. हंफ्री डेव्ही यांनी हे मूलद्रव्य १८०७ मध्ये प्रथम वेगळे केले.

नत्र प्रथिनांत गुंतते, स्फुरद केंद्रकाम्लांत. पालाश मात्र कशाचाच घटक होत नाही. ते पेशीरसात सुट्या आयनांच्या रूपात वावरते. रक्षकपेशींत पालाश शिरले की त्यापाठोपाठ पाणी येते, पेशी फुगतात आणि पर्णरंध्र उघडते. ते बाहेर पडले की रंध्र मिटते. साठाहून अधिक विकरे त्याच्यामुळे कार्यक्षम होतात. पानात तयार झालेली साखर फळांकडे पोचवण्यातही त्याचा वाटा मोठा. द्राक्षमण्यांत गोडी भरू लागली की बागायतदार ‘झिरो झिरो फिफ्टी’ म्हणजे सल्फेट ऑफ पोटॅश देतात ते यासाठीच. म्युरेट ऑफ पोटॅश (पोटॅशियम क्लोराइड) हे खत स्वस्त खरे, पण त्यातले क्लोराइड द्राक्षवेलीला मानवत नाही.

पालाश कमी पडले की झाड जुन्या पानांतले काढून कोवळ्या पानांना पुरवते. म्हणून आधी खालच्या पानांच्या कडा पिवळ्या पडतात, मग करपतात. करपा रोगाचे डाग पानभर विखुरतात, हे करपणे कडेकडेने सरकते. तरी गल्लत होते आणि बुरशीनाशक वाया जाते.

जमिनीतले ९० ते ९८ टक्के पालाश फेल्डस्पार, अभ्रक अशा खनिजांत बंद असते. बॅसिलस म्युसिलॅजिनोसससारखे जिवाणू सेंद्रिय आम्ले सोडून त्यातले थोडे मोकळे करतात. मात्र कोकणातल्या जांभ्या जमिनीत ही खनिजे झिजून गेलेली असतात. तिथे नुसत्या जिवाणूखतावर भिस्त ठेवणे व्यर्थ. काळ्या जमिनीच्या माती परीक्षणात पालाश बहुधा भरपूर दिसते. त्या भरवशावर वर्षानुवर्षे ऊस वा केळी घेऊन खत टाळले, तर साठा उतरत जातो.

तृणधान्यांनी उचललेले बहुतेक पालाश दाण्यात न जाता कडब्यात, काडात राहते. सुटे असल्याने ते कुजण्याची वाट पाहत नाही; पावसाने धुऊन मातीत उतरते. उसातले बरेचसे मळीत जाते. त्या मळीपासून मद्यार्क काढणाऱ्या आसवनीतील सांडपाणी जाळून उरणाऱ्या राखेपासून किमान १४.५ टक्के पालाशाचे खत बनते. म्युरेटची सारी गरज आयातीवर भागवणाऱ्या भारताने २०२१ मध्ये या खताला अनुदान लागू केले.