एकाक्ष साक्षीदार

पडद्यावर दोन माणसें बोलत असतात. एक प्रश्न विचारतो तेव्हां त्याचा चेहरा दिसतो. दुसरा उत्तर देऊं लागला कीं लगेच त्याचा. पाहणाराला वाटतें, दोन बाजूंना दोन कॅमेरे मांडून तें संभाषण घडलें तसेंच टिपलें असावें. बहुधा तसें कांहींच झालेलें नसतें. कॅमेरा एकच असतो. प्रश्न सकाळीं विचारलेला असतो आणि त्याचें उत्तर दुपारचें जेवण उरकल्यावर दिलेलें असतें. ही फसवणूक आपल्या इतकी अंगवळणीं पडली आहे कीं, ती कोणी तरी केव्हां तरी शोधून काढली असेल हेंच ध्यानांत येत नाहीं.

आरंभ अगदीं प्रामाणिकपणाचा होता. ल्यूमिएर बंधूंनीं २८ डिसेंबर १८९५ रोजीं पॅरिस येथें दाखविलेलीं चित्रें प्रत्येकीं मिनिटाहूनहि लहान होतीं. कॅमेरा एका जागीं ठेवावयाचा आणि समोर जें घडेल तें घ्यावयाचें, एवढीच त्यांची रीत. पुढें चित्रपट गोष्ट सांगूं लागला तरी कॅमेरा बराच काळ नाटकगृहांतील प्रेक्षकासारखा आपली खुर्ची धरून बसला. ३ मे १९१३ रोजीं मुंबईस लोकांपुढें आलेल्या फाळके यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’ या मूकपटांत पात्रें बहुतांशीं पूर्णाकृति दिसतात, आणि बोलणें मधून मधून येणाऱ्या लेखी पाट्यांवर वाचावयाचें असतें. साधारण त्याच दशकांत अमेरिकेंतील ग्रिफिथ व त्याचे समकालीन यांच्या हातीं कॅमेऱ्यानें खुर्ची सोडली. तो चेहऱ्याजवळ गेला. मग एकाच्या बाजूनें दुसऱ्याकडे आणि दुसऱ्याच्या बाजूनें पहिल्याकडे पाहूं लागला.

रीत ठरत गेली ती अशी. प्रथम सबंध प्रवेश दोघांना एकत्र घेऊन चित्रित करावयाचा. मग कॅमेरा एकाच्या खांद्यामागें नेऊन दुसऱ्याचीं सर्व वाक्यें घ्यावयाचीं. तीं पुरीं झाल्यावर दिवे, पडदे, सारा सरंजाम उलट बाजूला हलवावयाचा आणि तोच प्रवेश पुन्हा करावयाचा. यांत एक पथ्य कडक असतें. दोघांच्या मधून एक रेषा कल्पावयाची व कॅमेऱ्यानें तिच्या एकाच अंगाला राहावयाचें. ती ओलांडली तर दोघेहि एकाच दिशेला पाहूं लागतात, आणि ते परस्परांशीं बोलत आहेत कीं तिसऱ्याच कोणाशीं, तें कळेनासें होतें. जपानी दिग्दर्शक ओझू यानें ‘तोक्यो मोनोगातारी’ (१९५३) सारख्या चित्रांत हें पथ्य खुशाल मोडलें. त्याचीं पात्रें जवळजवळ आपल्याकडेच पाहून बोलतात, आणि तरी गोंधळ होत नाहीं!

मी इतिहास शिकवितों, म्हणून या प्रकाराला फार नांवें ठेवण्याचा अधिकार मला नाहीं. पानिपतावर व्याख्यान देतांना मराठ्यांच्या छावणींतून गेलेलीं पत्रें आणि शुजाउद्दौल्याच्या पदरीं असलेल्या काशीराजाचा वृत्तांत हीं आम्ही शेजारीं शेजारीं ठेवतों. जणूं एकानें दुसऱ्याला उत्तरच दिलें. वृत्तांत लिहिला गेला १७८० सालीं, लढाईनंतर एकोणीस वर्षांनीं. जोडकाम आमचेंच असतें.

या सुरळीत चाललेल्या रीतीवर घाला आला तो बोलपटाचा. १९२७ सालीं ‘द जाझ सिंगर’ निघाला, तेव्हां वॉर्नर यांच्या पद्धतींत आवाज तबकडीवर घेत. फीत कातरतां येते. तबकडी कातरणार कशी? म्हणून सबंध संभाषण एका दमांत घेणें भाग पडलें, आणि निरनिराळ्या बाजू हव्या तर दोन-तीन किंवा अधिक कॅमेरे एकाच वेळीं चालविणें आलें. कॅमेऱ्याची घरघर आवाजांत मिसळूं नये म्हणून त्याला चालविणारासकट बंद कोठडींत कोंडीत. दिवे सगळ्या कॅमेऱ्यांना चालतील असे लावावे लागत. परिणामीं एकाहि चेहऱ्याला न्याय मिळत नसे. आपल्याकडे १४ मार्च १९३१ रोजीं लागलेल्या ‘आलम आरा’साठीं अर्देशीर इराणी यांनीं आणलेलें यंत्र ध्वनि आणि चित्र एकाच फितीवर उमटविणारें होतें. स्टुडिओजवळून आगगाडी जाई, म्हणून चित्रण रात्रीं होई. त्या चित्रपटाची एकहि प्रत आज उपलब्ध नाहीं, हें आपलें दुर्दैव.

हॉलिवुडांत ही कैद फार दिवस टिकली नाहीं. आवाज स्वतंत्र फितीवर घेऊन कातरतां-सांधतां येऊं लागला, कॅमेऱ्यालाच आवाज कोंडणारें वेष्टण मिळालें, आणि १९३१-३२ च्या सुमारास तो एकटा कॅमेरा पुन्हा आपल्या जागीं आला. याचें कारण निव्वळ काटकसर नव्हे. प्रत्येक चेहऱ्यासाठीं प्रकाश वेगळा बेततां येतो, हा मोठा लाभ. प्रेक्षकांसमोर खेळ करावयाचा असेल तेथें मात्र उलट सोय हवी. अमेरिकेंतील ‘आय लव्ह लूसी’ (१९५१) या दूरचित्रवाणी-मालिकेसाठीं कार्ल फ्रॉइंड यानें तीन कॅमेऱ्यांची मांडणी बसविली ती म्हणूनच.

या सोयीची किंमत मोजतो नट. तोच राग, तोच हुंदका त्यानें दहादां आणावयाचा. आणि कोणत्या शब्दाला चहाचा पेला उचलला होता, हेंहि विसरावयाचें नाहीं, कारण पेला चुकला तर सांधा उघडा पडतो. समोरचा नट भला असेल तर स्वतः चित्रांत नसतांहि कॅमेऱ्याशेजारीं उभा राहून आपलीं वाक्यें मनापासून म्हणतो. तो थकला असेल, किंवा निघून गेला असेल, तर एखादा साहाय्यक तींच वाक्यें कागदावरून सपाट आवाजांत वाचून दाखवितो. भिंगाच्या कडेला चिकटपट्टीचा एक तुकडा लावलेला असतो, आणि नट त्या तुकड्याकडे डोळे भरून पाहत क्षमा मागत असतो.