मागच्या दाराचा आवाज

अमेरिकेत मुलीकडे राहत होतो, तेव्हाची गोष्ट. नातीला घेऊन शाळेच्या आवारात उभा होतो. समोरच्या पिवळ्या बसच्या चालकबाईंनी किल्ली फिरवली आणि मागे जाऊन संकटकाळच्या दाराची दांडी उचलली. त्याबरोबर असा कर्कश आवाज सुटला की मी दचकलोच. नात म्हणाली, "आजोबा, दार नीट लागलेलं नाही, असं सांगतंय ते."

पुढे या आवाजाचा इतिहास धुंडाळला, तेव्हा कळले की त्यामागे मोठा पेच आहे. हे दार अपघातात लहान मुलालासुद्धा झटकन उघडता आले पाहिजे. आणि धावत्या गाडीत नकळत उघडून मूल रस्त्यावर पडता कामा नये. कुलूप घातले तर दुसरी भीती जाते, पण पहिली जिवावर बेतते.

या बसचा पिवळा रंग १९३९ साली कोलंबिया विद्यापीठात फ्रँक सायर यांनी भरवलेल्या परिषदेत ठरला. दारांचा कायदा मात्र फार उशिरा आला. १९७४ साली अमेरिकन काँग्रेसने आज्ञा केली आणि १ एप्रिल १९७७ पासून नव्या शालेय बसना नियम लागू झाले. त्यांत पेच मोठ्या शहाणपणाने सोडवला आहे. संकटकाळचे दार कुलूपबंद असेल, तर इंजिन सुरूच होऊ नये. कुलूपबंद म्हणजे काय? किल्लीवाचून किंवा गुप्त आकड्यावाचून जे उघडत नाही ते. आणि किल्ली फिरवलेली असताना दाराची दांडी बंद जागेवर नसेल, तर अखंड आवाज व्हावा. तो चालकाच्या आसनापाशीही ऐकू यावा आणि त्या दारापाशीही. थोडक्यात, कुलपाचे काम आवाजाकडे दिले.

परंतु दार उघडे असणे आणि ते पुरेसे असणे, या दोन गोष्टी निराळ्या. १४ मे १९८८ च्या रात्री केंटकी राज्यात कॅरल्टनजवळ उलट दिशेने आलेली एका मद्यधुंद माणसाची गाडी एका बसवर आदळली. एका चर्चने घेतलेली ती जुनी शालेय बस होती. तिचा सांगाडा १ एप्रिल १९७७ च्या थोडेच दिवस आधी तयार झाला होता, म्हणून नवे नियम तिला लागू नव्हते. पेट्रोलची टाकी फुटली, पुढचे दार आगीने अडले आणि साठाहून अधिक माणसे मागच्या एका दाराकडे लोटली. २७ जण दगावले, बहुतेक मुलेच. पुढच्याच वर्षी टेक्सासमध्ये ॲल्टन येथे शाळेची बस पाण्याने भरलेल्या खाणीत कोसळली. २१ विद्यार्थी गेले.

१९९२ साली नियम सुधारले. आसनांच्या संख्येप्रमाणे बाहेर पडण्याच्या वाटा वाढल्या आणि त्यांच्याभोवती अंधारात चमकणारी पट्टी आली.

त्या सकाळी दचकलो, याचे आता मला काही वाटत नाही. माणसाने दचकावे म्हणूनच तो आवाज तिथे ठेवला आहे.