'क्लिअर' म्हणजे नक्की काय?

इंग्रजी बोलताना ज्या शब्दापाशी आपण कधीच अडखळत नाही, असा एक शब्द म्हणजे 'क्लिअर'. मराठीतही तो चांगलाच मुरला आहे. 'मुद्दा क्लिअर झाला', 'रस्ता क्लिअर आहे', 'आवाज क्लिअर येतोय ना?' ही वाक्ये फोनवर आपले आईबाबाही बोलतात. मूळ शब्द लॅटिनमधला 'क्लारुस'. तो फ्रेंचमार्गे इंग्रजीत आला आणि पाण्यापासून जमिनीच्या कागदांपर्यंत सगळ्यांना चिकटला. शाळेत मात्र आपण 'क्लिअर म्हणजे स्पष्ट' एवढेच पाठ केले. इथे अमेरिकेत तेवढे पुरत नाही, म्हणून हा लेख.

सगळ्यात महत्त्वाची जागा म्हणजे दवाखाना. कोलोनोस्कोपी किंवा भूल देऊन करायची शस्त्रक्रिया असली की आधी 'क्लिअर लिक्विड' घ्यायला सांगतात. आपल्याकडून आलेले ज्येष्ठ त्याचा अर्थ 'पातळ पदार्थ' असा लावतात, आणि मग ताक, पेज, वरणाचे पाणी, दुधाचा चहा सगळेच चालेल असे वाटते. यातले एकही चालत नाही. इथे क्लिअर म्हणजे आरपार दिसणारे: पाणी, गाळलेले सूप, सफरचंदाचा गाळीव रस, कोरा चहा किंवा कोरी कॉफी. संत्र्याचा रस पातळ असला तरी त्यात गर असतो, म्हणून तो बाद. दूध पोटात जास्त वेळ राहते आणि भुलेच्या वेळी पोटातले वर येऊन श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो, म्हणून चहात चमचाभर दूधही नको. कोलोनोस्कोपीच्या आधी आणखी एक अट असते: लाल आणि जांभळा रंग टाळायचा, कारण आतड्यात तो रक्तासारखा दिसू शकतो. म्हणजे कोकम सरबत काचेसारखे नितळ असूनही वर्ज्य! किती तास आधी काय थांबवायचे ते अर्थातच आपल्या डॉक्टरांच्या कागदावर असेल तेच खरे. पण आईबाबांना तो कागद समजावताना 'पातळ' हा शब्द वापरू नका, 'आरपार दिसणारे' म्हणा.

दवाखान्यातच भेटणारा दुसरा शब्द 'ल्युसिड'. लेखाबद्दल वापरला तर सुबोध, पण पेशंट ल्युसिड आहे म्हणजे तो भानावर आहे, नीट उत्तरे देतो आहे. फोनवर नातेवाईकांना सांगताना हा फरक कामाला येतो.

आता ऑफिस. आमच्यासारख्या सॉफ्टवेअरवाल्यांना 'ट्रान्सपरंट' हा शब्द दोन तोंडांनी बोलतो. मॅनेजमेंट ट्रान्सपरंट आहे म्हणजे सगळे उघड दिसते. पण एखादा बदल 'युजरला ट्रान्सपरंट' आहे म्हणजे युजरला तो दिसणारच नाही! एकाच मीटिंगमध्ये दोन्ही अर्थ येतात, तेव्हा सांभाळा. 'इज दॅट क्लिअर?' हे आपल्याला साधे विचारणे वाटते, इथल्या कानाला मात्र ते मास्तरांच्या दटावणीसारखे लागते. त्यापेक्षा 'डझ दॅट मेक सेन्स?' बरे. 'ऑब्व्हियसली'चे तेच. अर्थ 'उघडच आहे', पण समोरच्याला 'एवढेही कळत नाही का' असे ऐकू येते. आणि इथे परीक्षा 'क्लिअर' करत नाहीत, 'पास' होतात.

'एक्सप्लिसिट' म्हणजे काही मोघम न ठेवता सांगितलेले. ई-मेलमध्ये बिनधास्त वापरा. मात्र मुलांच्या गाण्याशेजारी तो शब्द किंवा नुसते 'ई' अक्षर दिसले तर त्याचा अर्थ शिवराळ किंवा अश्लील मजकूर, हे पालकांनी लक्षात ठेवावे. 'प्लेन' म्हणजे साधे, सोपे. 2010 साली इथे 'प्लेन रायटिंग ॲक्ट' झाला आणि केंद्र सरकारच्या खात्यांनी लोकांना समजेल असे लिहावे असे ठरले. काही सरकारी पत्रे पाहता अजून बराच पल्ला आहे, पण ते असो.

घर घेताना 'क्लिअर टायटल' लागते. मालमत्तेवर कर्जाचा बोजा नाही, कुणाचा दावा नाही. पुण्याकडच्या दस्तांत यालाच 'निर्वेध व निजोखमी' म्हणतात, आणि गावच्या शेतकऱ्याच्या तोंडी 'सातबारा कोरा'. कोरा चहा आणि कोरा सातबारा, दोन्ही इंग्रजीत क्लिअर!

यावरून लक्षात येईल की एका क्लिअरसाठी मराठीत शब्दांची रांग आहे, आणि मुलांना ती शिकवायची तर 'स्पष्ट'वर थांबून चालणार नाही. पाणी आणि त्वचा नितळ, आकाश निरभ्र, अक्षर सुवाच्य, आवाज खणखणीत, मन निर्मळ, रस्ता मोकळा. आठवण लख्ख असते आणि पुरावा ढळढळीत. उलट 'स्पष्टवक्ता' म्हणजे 'क्लिअर स्पीकर' नव्हे, तो फटकळपणाच्या शेजारी राहतो. इंग्रजीत त्याला 'फ्रँक' किंवा 'ब्लंट' म्हणावे लागेल. कोणते म्हणायचे ते काका कोणाचे आहेत त्यावर अवलंबून.

शंका आली तर मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश पाहावा. 1831 सालचा हा कोश 1857 मध्ये सुधारून वाढवला गेला, आणि शिकागो विद्यापीठाने तो इंटरनेटवर फुकट ठेवला आहे. त्यात 'निवळ' जरूर शोधा. गढूळ पाणी निवळते, भांडणानंतर वातावरण निवळते. निवळी नावाचे एक झाडही आहे. त्याची बी मडक्याच्या आतून घासली की गाळ एकत्र येऊन तळाशी बसतो. इंग्रजीत त्या बीचे नाव 'क्लिअरिंग नट'. मुलांच्या सायन्स प्रोजेक्टला विषय चांगला आहे, फक्त निवळलेले पाणी निर्जंतुक नसते, ते उकळल्याशिवाय पिऊ देऊ नका.