कर्ण्यापुढचा आवाज, बीटवरचा आवाज

पनवेल तालुक्यातल्या आगरी लग्नात धवलारणीला भटजीच्या बरोबरीचा मान. ती धवले, म्हणजे लग्नविधीची गाणी, गाते तेव्हा साथीला वाद्य नसतं. मांडवाच्या टोकाला बसलेल्या बाईपर्यंत शब्द पोचायला हवा, म्हणून तिचा आवाज वर चढलेला, सरळ आणि धारदार लागतो. तीच बाई ओटीवर बसून बोलू लागली की आवाज खाली येतो, जाडसर होतो, मध्येच रेंगाळतो. गावात कुणी तिला विचारत नाही, यातला तुझा खरा आवाज कोणता?

हा प्रश्न यंत्राने आणला. मी नवीन पनवेलमध्ये ध्वनिमुद्रणाचं काम करतो. हल्ली माझ्याकडे कामोठ्याची, तळोज्याची, उलव्याची रॅप करणारी मुलं येतात. गाणं तयार झालं की घरचे हमखास म्हणतात, "हा आवाज आमच्या पोराचा नाही." काही जण तर मशीनने फसवणूक केली असं समजतात. त्यांना सांगण्यासारखी एक मोठी हकिगत आहे आणि ती सव्वाशे वर्षांची आहे.

ग्रामोफोन कंपनीच्या फ्रेड गेसबर्गने १९०२च्या नोव्हेंबरात कलकत्त्यात ध्वनिमुद्रण केलं आणि गायिका गौहर जान यांचा आवाज तबकडीवर उतरला. तेव्हा मायक्रोफोन नव्हता. गायकापुढे धातूचा मोठा कर्णा असे. त्यात शिरलेल्या आवाजाचाच दाब पडद्याला हलवी, पडदा सुईला हलवी आणि सुई मेणावर रेघ कोरी. बाहेरून ताकद मिळण्याची सोय नव्हती, म्हणून सगळी ताकद छातीतून यायची. वरचा सूर घेताना गायकाने डोकं मागे न्यायचं, खालच्या सुराला कर्ण्यात तोंड घालायचं. 'स', 'श' यांच्यातली हवा तबकडीवर जवळजवळ उतरतच नसे. एका बाजूला साधारण तीन मिनिटं, तेवढ्यात गाणं आटपायचं. मराठी रंगभूमीवरच्या गायकांना हे फार परकं वाटलं नसावं. ध्वनिक्षेपकाशिवाय शेवटच्या रांगेपर्यंत आवाज फेकण्यातच त्यांची हयात गेली होती. त्यांच्यातले भाऊराव कोल्हटकर मात्र १९०१मध्येच गेले. ज्यांच्या गळ्याने महाराष्ट्र वेडा झाला, त्यांचा एक सूरही आपल्याकडे उरला नाही.

याच काळात सरकारने बोलण्याचंही ध्वनिमुद्रण केलं. ग्रियर्सन यांच्या भाषा सर्वेक्षणाला जोड म्हणून १९१३ ते १९२९ या काळात निरनिराळ्या भाषा-बोलींच्या तबकड्या झाल्या. त्यांत लोक बायबलातल्या उधळ्या मुलाची गोष्ट आपापल्या बोलीत सांगतात. उद्देश अगदी थेट होता, माणसं कशी बोलतात हे जपायचं. पण यंत्रापुढे ताठ बसलेला, ठरलेली गोष्ट सांगणारा माणूस घरच्यासारखा बोलणार कसा? हवं होतं बोलणं, हाती आलं पठण.

१९२५च्या सुमारास विजेवरचं ध्वनिमुद्रण सुरू झालं, मायक्रोफोन आला आणि पहिल्यांदाच हळू गाणाऱ्याला जागा मिळाली. मराठीत भावगीत रुजलं ते याच यंत्राच्या आधाराने. वकिलीची पदवी घेतलेले गोविंदराव जोशी भावगीत गाऊ लागले, पुढे एचएमव्हीत ध्वनिमुद्रणाचं कामही त्यांनी केलं. गजानन वाटवे यांच्यासारखा गायक शब्द कानाशी सांगावा तसा गाऊ लागला. ऐकणाऱ्याला वाटलं, हा तर बोलण्यातलाच आवाज. पण ही जवळीकही यंत्राचीच देणगी होती. बऱ्याच मायक्रोफोनना अगदी जवळून गायलं की आवाजातला खर्ज फुगतो आणि साधा गळाही मखमली लागतो. इकडे शाहीर अमर शेख संयुक्त महाराष्ट्राच्या सभांमध्ये मैदान हलवत होते, तो आवाज दुसऱ्या घराण्याचा. म्हणजे विसाव्या शतकाच्या मध्यालाच आपल्याकडे दोन गळे तयार झाले होते: एक माईकच्या कुशीतला, एक मैदानातला.

कॅसेट आली आणि आमच्या भागात दुसऱ्या गळ्याने बाजी मारली. ऐंशीच्या दशकात कॅसेट स्वस्त झाली, गावोगावचे गायक ध्वनिमुद्रित होऊ लागले आणि आगरी-कोळी गीतं हळदीच्या मांडवात वाजू लागली. ती शांत खोलीत ऐकायची नव्हतीच. ती खांबाला बांधलेल्या कर्ण्यावर, नाचणाऱ्या गर्दीत ऐकायची होती. त्या कर्ण्यातून खर्ज येतच नाही. म्हणून गायक वरच्या पट्टीत गात, त्यावर भरपूर इको चढे आणि आवाज उघड, टोकदार केला जाई. मांडवात तोच आवाज शोभायचा.

रॅपच्या पोरांकडे मी या वाटेने येतो. मुंबईत कुर्ल्याच्या नेझी या रॅपरने २०१४मध्ये 'आफत' आयपॅडवर केलं, पुढच्या वर्षी डिव्हाइनबरोबरचं 'मेरे गली में' आलं, २०१९मध्ये 'गली बॉय' सिनेमा आला आणि वस्तीवस्तीत पोरं वह्या भरू लागली. स्वदेसी या गटातल्या मवालीने मराठीत रॅप केलं, अमरावतीच्या सौरभ अभ्यंकरने वऱ्हाडी बोली देशभरच्या मंचावर नेली. मग आगरीत का नको, असं आमच्या पोरांना वाटलं. बरोबरच वाटलं.

आता एक मुलगा माझ्या ध्वनिमुद्रणाच्या खोलीत उभा आहे असं समजा. चहा घेताना तो खालच्या आवाजात, शब्द ओढत बोलत होता. हेडफोन लावला, बीट सुरू झाली आणि त्याचा आवाज आपोआप चढला. गोंगाटात माणूस नकळत आवाज वाढवतो, हे एतियेन लोंबार या फ्रेंच डॉक्टरांनी १९११मध्ये मांडलं. इथे गोंगाट कानातच आहे. जोर वाढला की स्वराची पट्टीही वर जाते. शिवाय एका ओळीत सोळा-सोळा अक्षरं बसवायची, तर व्यंजनं दातांवर आपटावी लागतात. हे सगळं मी एकही बटण न दाबता होतं.

मग माझं काम. खालची घरघर कापतो, कारण तिथे ढोलाचा ठोका बसायचा असतो. कॉम्प्रेसर लावला की मोठं अक्षर दबतं, लहान अक्षर वर येतं आणि बोलण्यातला चढ-उतार सपाट होतो. महत्त्वाच्या शब्दांवर तो तीच ओळ पुन्हा म्हणतो, ती खाली जोडली की एक मुलगा दोघांएवढा वाटतो. श्वास संपतो तिथे थांबून पुढची ओळ वेगळी घेतो, म्हणून गाण्यात तो दमतच नाही. कुणाला ऑटोट्यून हवा असतो, तो १९९७पासून बाजारात आहे. ऐकल्यावर पोरगा म्हणतो, "काका, यो माजा आवाज नाय." थोडं त्याच्या कानांचंही असतं. एरवी आपण स्वतःला हवेतून आणि कवटीच्या हाडांतून, असं दोन्हीकडून ऐकतो. स्पीकरवर हाडांची वाट बंद, म्हणून आवाज पातळ आणि परका लागतो.

काही जण मुद्दाम वेगळा आवाज धरतात. अमेरिकेतल्या सायप्रस हिल या रॅप गटाचा बी-रिअल एरवी जाड आवाजात बोलतो, पण रॅपसाठी त्याने नाकातला, चिरका आवाज घेतला आणि त्याच आवाजाने जग त्याला ओळखतं. याला मी खोटेपणा म्हणणार नाही. धवलारणीने, शाहिराने, नाटकातल्या गायकाने हेच केलं. ऐकणारा जिथे असेल तिथपर्यंत पोचणारा आवाज घडवणं ही कलावंताची जुनी मेहनत आहे.

माझी काळजी वेगळी आहे. आगरी बोलीचा जीव हेलात आहे: वाक्याच्या शेवटी लांबवलेला 'रं', 'गो', मध्येच घेतलेला थांबा, वर चढून सुटणारा प्रश्न. बीटच्या चौकटीत शब्द बसतात, हेल बसत नाही. पोराच्या रॅपमध्ये आगरी शब्द टिकतील, पण त्याची आजी ते कोणत्या चालीवर बोलायची, हे त्यातून कळणार नाही. सव्वाशे वर्षांत आपण गाणं, पोवाडे, भाषणं साठवली. माणसाचं घरातलं बोलणं मात्र सगळ्यात कमी साठवलं, कारण ते विकलं जात नाही. १९७० नंतर नवी मुंबई वसवण्यासाठी सिडकोने गावांच्या जमिनी घेतल्या, खाडीलगत वसाहती उठल्या, आता विमानतळ आला. या गावांत आता शाळेची, नोकरीची, मोबाइलची भाषा वेगळी आहे. बोलीतला हेल पुस्तकात लिहून राहत नाही, तो कानानेच पुढे जातो.

म्हणून माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला मी एकच अट घालतो. गाणं झालं की हेडफोन काढायचा, बीट बंद करायची आणि पाच मिनिटं आपल्या गावाबद्दल घरच्या भाषेत बोलायचं. त्याला कॉम्प्रेसर नाही, कापाकापी नाही. शक्य असेल तर आजीला आणायचं आणि तिच्याशी बोलायचं, कारण समोर घरचं माणूस असलं की माईकचा विसर पडतो. फाइलवर गाव आणि तारीख लिहून ती मी त्यालाच देतो. ग्रियर्सनच्या काळी कर्ण्यापुढे जे जमलं नाही, ते आज प्रत्येकाच्या खिशातल्या मोबाइलवर जमतं. रॅपचा आवाज जगाला ऐकवा, अभिमानाने ऐकवा. फक्त त्याच्या शेजारी आपलं बोलणंही ठेवा, म्हणजे पुढच्या पिढीला कळेल की हा चढलेला आवाज कुठल्या जमिनीवरून चढला होता.